माधवनगरचा कूलर ब्राझीलला कसा पोचला

चहा आधी संपवा. कारण मी आता जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्हाला ठसका लागेल, आणि वर म्हणाल, दत्ताभाऊ, युनियनचा सेक्रेटरी माणूस, तुम्हाला एवढी पण अक्कल नसावी? नव्हती! तेच तर सांगतोय.

आमची फौंड्री सांगलीच्या एमआयडीसीत. पंपाचे बिडाचे भाग ओततो आम्ही. मालक मात्र जर्मनीत, आमच्यातल्या एकानेही त्याला डोळ्यांनी बघितलेलं नाही. ह्याच मालकाची ब्राझीलमध्ये पण एक फौंड्री आहे, हे आम्हाला कधी कळलं माहितीये? तिथल्या युनियनचं पत्र आलं तेव्हा! म्हणजे इतकी वर्षं आम्हाला भावकी होती आणि पत्ताच नव्हता.

पत्र इंग्रजीत. माझी पोरगी पूनम एम.ए.ला इंग्रजी शिकते, तिनं वाचून दाखवलं. 'आमचा साहेब म्हणतो, भारतातले कामगार काही मागत नाहीत, तुम्हीच कुरकुर करता. तुमचा साहेब काय म्हणतो?'

आम्ही चाट! कारण आमचे मॅनेजर साहेब शब्दाला शब्द तेच सांगायचे, फक्त ब्राझीलचं नाव घेऊन.

तर त्यांचं म्हणणं असं, की दोन्हीकडे एकच प्रश्नावली घेऊन पाहणी करू, कुणाला काय मिळतं ते शेजारी शेजारी मांडू, आणि ज्याच्याकडे जे नाही ते दोघं मिळून जर्मनीकडे मागू. किती साधं! आणि आमची मागणी तरी काय होती? एकच. मधल्या सुट्टीत टेकायला एक गार खोली.

आमच्या युनियनचे अध्यक्ष महादेव बापू. वडूजकडचे, लहानपण सगळं उन्हातान्हात मेंढरांमागं गेलेलं. अशा माणसाला उन्हाचं काय कौतुक? पण एप्रिलमध्ये भट्टीसमोर उभ्या उभ्या कोसळले. गेटबाहेर कंपनीनं विसाव्याला पत्र्याचं शेड दिलंय, तिथं आडवं केलं. बापूंनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य काय बोलावं?

"मला भट्टीपाशी न्या रं. तितं गार हाय."

हसलात ना? आम्हीही हसलो. पण त्या दिवसापासून मला त्यांची धास्ती वाटायची, हे खरं. पुढच्या वेळी उठलेच नाहीत तर?

पाहणीसाठी ब्राझीलहून सिल्व्हियाबाई येणार असं ठरलं. बाई स्वतः तिथल्या फौंड्रीत क्रेन चालवणारी. त्या येण्याच्या दोन दिवस आधी मी शेडमध्ये उभा राहून चारी बाजूंनी नजर फिरवली. फाटकी पोती, एक तिरका बाक, गळका माठ. एवढ्या सातासमुद्रापलीकडून पाहुणी येणार आणि तिला ह्यात बसवायचं?

घरी येऊन सुमनला, म्हणजे आमच्या मंडळींना म्हटलं, जरा शेड नीटनेटकं करावं म्हणतो.

"आवं, पर ती शेडच बगाया येतीया न्हवं?" सुमन म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

तुम्ही म्हणाल, मग मागणीचं काय? अहो, मागणीपत्र तर पोस्टानं ब्राझीलला कधीच गेलं होतं! कागद वेगळा, पाहुणचार वेगळा, असं माझं गणित. पोरीला बघायला पाहुणे आले की आपण शेजारच्यांचे कप आणतोच की नाही? मग?

माधवनगरला माझा एक दोस्त मंडपवाला आहे. त्याच्याकडून सहा गादीच्या खुर्च्या आणल्या, लाल गालिचा आणला आणि लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसला, माझ्यापेक्षा उंच कूलर आणला. कूलरच्या अंगावर ठळक इंग्रजीत 'माधवनगर' आणि त्याचा फोन नंबर. म्हटलं राहू दे, कोण वाचतंय!

बाई आल्या, आत पाय ठेवला आणि थबकल्या. हातातल्या आमच्या मागणीपत्राकडं बघतात, कूलरकडं बघतात, परत कागदाकडं. मग पूनमकरवी विचारलं, "हा कूलर कुणी दिला?"

"कंपनीनं."

"बाबा!" पूनम.

"तू सांग गं."

"रोज असतो का?"

"बारा महिने!"

"सगळ्यांसाठी?"

"आमच्यात भेदभाव न्हाई म्हणावं."

आता मागे वळायची सोय राहिली नव्हती. बापू माझ्या कानाशी आले. "दत्ता, ह्ये बराबर हाय का रं?" मी म्हटलं, "बापू, पावण्याम्होरं गप बसा जरा." बापू गप बसले, गादीच्या खुर्चीत, कूलरसमोर, आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. बाईंनी त्यांचा फोटो काढला. मग मला म्हणाल्या, तुम्ही कूलरशेजारी उभे राहा. राहिलो! नुसता नाही, घरचा बैल असावा तसा त्याच्यावर हात ठेवून.

शेवटी त्यांनी विचारलं, "मग तुमची अडचण काय?"

"अडचण? छे छे! चला, पुरणपोळी गार होतीय."

तीन-एक महिन्यांनी मोबाइलवर व्हिडिओ आला. ब्राझीलच्या फौंड्रीच्या गेटवर शंभरेक माणसं, घोषणा, आणि प्रत्येक फलकावर इंग्रजी अक्षरात 'सांगली'! एकावर तर 'माधवनगर'!

अहो, माझा ऊर भरून आला. कुठं ब्राझील, कुठं आपण, आणि आपल्यासाठी माणसं रस्त्यावर! मी काय केलं असेल? चौकात फ्लेक्स लावला. 'ब्राझीलच्या कामगारांचा सांगलीला जाहीर पाठिंबा', आणि खाली माझा फोटो, हात जोडून.

संध्याकाळी पूनम कॉलेजातून आली ती फ्लेक्स बघूनच. तिनं मोबाइलवर फलकांचा अर्थ काढला आणि माझ्यासमोर बसली.

"बाबा, ते आपल्यासाठी मागत नाहीयेत. सांगलीला जे आहे ते आम्हालाही द्या, असं म्हणतायत."

"सांगलीला काय आहे?"

"गार खोली."

"कुठाय?"

"तेच मी विचारतेय!"

मला खरंच काही सुधरेना. जे आपल्याकडे नाही ते आपल्यासारखं मागायचं म्हणजे काय? मी दोनदा पाणी प्यायलो. मग 'माधवनगर' लिहिलेला फलक आठवला आणि कूलरवर हात ठेवलेला माझा फोटो डोळ्यांपुढं आला.

पंधरा दिवसांनी मॅनेजर साहेबांनी बोलावलं. माझ्यापेक्षा ते जास्त गोंधळलेले. टेबलावर पेढे.

"पवार, जर्मनीहून माझं अभिनंदन आलंय. कामगारांसाठी उत्तम खोली केली म्हणून. मी आभार मानले. पण खोली कुठली हो?"

मी म्हटलं, "साहेब, तुमचीच कृपा."

"आणि ब्राझीलच्या युनियनशी आता करार झालाय, त्यात लिहिलंय, सांगलीप्रमाणे खोली मिळेल. आता जर्मनीवाले विचारतायत, कूलर कुठल्या कंपनीचा? हा नंबर दिसतोय त्यांनी पाठवलेल्या फोटोत, थांबा."

थांबा काय! मला पळावंसं वाटत होतं. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"आम्हाला तुमच्या कूलरची चौकशी करायची आहे."

"हाय की साहेब! तारीख सांगा. लगीन हाय का साखरपुडा?"

साहेबांनी फोन ठेवला. फोटो उचलला. कूलर बघितला, मग कूलरवरचा हात बघितला, मग हाताच्या वरचं तोंड बघितलं. मग समोरचं तोंड बघितलं.

"पवार," ते हळूच म्हणाले, "मी आभार मानून बसलोय. तुम्ही गप्प, मी गप्प. जर्मनीहून कुणी आलं तर मागवू माधवनगरहून."

आणि लाज वाटते सांगायला, मी मान डोलावली. वर पेढाही खाल्ला.

बाहेर आलो तर बापू पत्र्याच्या शेडात, डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसलेले.

"दत्ता, ब्राझीलला गार खोली व्हनार म्हनं?"

"व्हय, बापू."

"बरं झालं गड्या. आपलं बगून झाली." आणि हसले. मनापासून, जराही टोमणा नाही. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रडू आलं, खोटं नाही सांगत. खोटं सांगून झालं होतं माझं.

घरी गेलो आणि पूनमला म्हटलं, लाव बाईंना फोन. कूलर, खुर्च्या, गालिचा, सगळं सांगितलं. फक्त पुरणपोळी तेवढी आमची होती, हेही सांगितलं.  म्हटलं, संपलं, भावकी तुटली.

मग बाई म्हणाल्या, "आमच्या करारात 'सांगलीप्रमाणे' लिहिलंय. सांगलीला काहीच नसेल तर उद्या आम्हालाही काहीच मिळणार नाही. आता तुमची खोली झालीच पाहिजे. शेडचा खरा फोटो पाठवा. ह्या वेळी कशालाही हात न लावता."

पाठवला. त्यांच्या आणि आमच्या, दोन्ही युनियननी एका पत्रावर सह्या करून तो फोटो त्यासोबत जर्मनीला धाडला. तिकडून साहेबांना एकच प्रश्न आला: तुम्ही ज्या खोलीबद्दल आभार मानलेत ती कुठे आहे? आता साहेब काय सांगणार? जी मंजुरी तीन वर्षं मिळत नव्हती तिची एकदम घाई झाली! दोन महिन्यांत शेडच्या जागी विटांची खोली उभी राहिली, भिंतीत पक्का बसवलेला कूलर. फीत बापूंनी कापली, आत जाऊन बसले आणि माझं भाषण संपायच्या आत झोपले.

शेवट गोड झाला म्हणता? थांबा की.

गेल्या महिन्यात पाहणीची नवी प्रश्नावली आली. ह्या वेळी मालकाच्या सगळ्या देशांतल्या फौंड्र्यांना, चार भाषांत छापून. शेवटी एक नवा प्रश्न घातलाय. पूनमनं मोठ्यानं वाचला: 'फोटोत दिसणारी वस्तू कंपनीची आहे की भाड्याने आणलेली?'

सुमन चुलीपासून ओरडली, "ह्यो प्रश्न आमच्या ह्यांचा!"

मी म्हटलं, असू दे, चळवळीला आपलाही काही हातभार लागला. तेवढ्यात पूनम हसायला लागली. त्या प्रश्नाखाली बारीक अक्षरात एक सूचना होती, आणि तीही चारी भाषांत.

'सांगली येथे हा प्रश्न सेक्रेटरींना विचारू नये. त्यांच्या मुलीला विचारावा.'