पाच घरच्या चिंध्या

सोनगीरच्या धुरपदाबाईला राग येत नसे, तो तिच्याकडे कायमचा मुक्कामालाच असे. बाजारात तागडी जरा कलली की ती दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरायची. तिच्या बांधावरून कुत्रंसुद्धा विचारून जातं, असं गाव म्हणायचं. पण तिचा एक राग असा होता की तो नऊ वर्षं पुरला, आणि खरं सांगायचं तर तो रास्त होता.

तिची पाच मुलं गेली होती. कुणी सव्वा महिन्याचं, कुणी रांगतं, एक तर चुरूचुरू बोलायला लागलेलं. सहावा झाला तेव्हा तिने त्याच्या अंगाला नवं कापड लागू दिलं नाही. गावातल्या पाच लेकुरवाळ्या बायांच्या दारी जाऊन तिने फाटक्या चिंध्या मागून आणल्या, त्यांचीच दुपटी शिवली आणि पोराचं नाव ठेवलं चिंधा. गोड नावाच्या पोरावर यमाचा डोळा जातो, चिंधी कोण उचलून नेणार? एवढं शहाणपण तिकडे म्हाताऱ्या बायका सुनांना पहिल्याच बाळंतपणात शिकवतात. यम फसला आणि चिंधा जगला.

नुसता जगला नाही, शिकायलाही तल्लख निघाला. धुळ्याला कॅथलिक फादर लोकांचं हायस्कूल होतं आणि राहायला बोर्डिंग होतं. पोरगं बाटेल म्हणून भावकीने ओरड केली, तर धुरपदाबाईने भावकीला अंगणातूनच वाटेला लावलं. दर मंगळवारी ती पहाटे उठून कळण्याच्या भाकरी थापायची, मिरचीचा ठेचा घ्यायची आणि आग्रा रोडने धुळ्याला निघायची. गाडी मिळाली तर गाडीने, नाहीतर पायी. सात वर्षांत तिने एक मंगळवार चुकवला नाही.

१९२९ साली चिंधा मॅट्रिकला शाळेत पहिला आला. एवढे मार्क त्या शाळेत आजवर कोणालाच पडले नव्हते. तिथली रीत अशी होती की पहिल्या आलेल्याचं नाव हॉलमधल्या काळ्या फळ्यावर सोनेरी रंगात लिहायचं, आणि बक्षीस समारंभात त्याच्या छातीवर पदक लावायचं ते त्याच्या आईने. पाच पोरं मातीत घातलेल्या बाईला हे कळलं तेव्हा ती अख्खा दिवस कोणावर ओरडली नाही. वनाला, म्हणजे नवऱ्याला, सोबत घेऊन ती समारंभाच्या दोन तास आधीच शाळेत हजर झाली.

तिला वाचता येत नव्हतं. तिने नथ्थू शिपायाला फळ्यापुढे उभं केलं आणि पोराचं नाव वाचायला सांगितलं.

"चिंतामण वना पाटील," नथ्थूने वाचलं.

"हाऊ कोन?"

"तुमनाच आंडोर ना, अक्का, तुमना पोऱ्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तशीच फादरांच्या खोलीत शिरली, मागोमाग वना. म्हातारे फादर परदेशातले, मराठी पुस्तकातून शिकलेले. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"मना आंडोरनं नाव कोनी बदलं?"

फादरांनी कपाटातून एक कागद काढला. "बाई, आम्ही बदललं नाही. मॅट्रिकच्या फॉर्मच्या वेळी त्याने स्वतः अर्ज दिला. खाली वडिलांचा अंगठा आहे."

अक्षर मोत्यासारखं होतं. वाचता आलं नाही तरी ते कोणाचं हे तिला कळलं. ती वनाकडे वळली. वना आपल्या जोड्यांकडे बघत होता.

"पोरे त्याले चिंधी चिंधी करेत," तो पुटपुटला. "पोऱ्या रडना, म्हनीसन दिधा अंगठा."

"आनि माले कोनी सांगं नही?"

"तुले कोन सांगी?"

शहरातल्या पोरांचंही काय कौतुक सांगावं! बापाच्या पैशावर सातवीत दोनदा बसणारी ही पोरं, आणि नाव कोणाला ठेवणार, तर पहिला नंबर काढणाऱ्याला. पण धुरपदाबाईचा राग त्यांच्यावर नव्हता. जे नाव पांघरून पोरगं यमाच्या दाढेतून सुटलं, ते त्याने चार टवाळांपुढे टाकून दिलं, यावर होता. बापाला सांगितलं आणि आईला नाही, यावर होता.

समारंभ सुरू झाला. कलेक्टरसाहेबांनी भाषण केलं, टाळ्या पडल्या. मग चिंतामण वना पाटील हे नाव पुकारलं गेलं. तो व्यासपीठावर जाऊन उभा राहिला. फादरांनी पदक हातात घेऊन धुरपदाबाईला पुढे बोलावलं. ती उठली, पण जागची हलली नाही.

"मना आंडोरनं नाव चिंधा शे," ती म्हणाली. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "हाऊ चिंतामण कोन शे, त्यानी मायले बलावा."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. फादर पोराकडे बघत थांबले. त्याने एक शब्द बोलायचा होता, एवढंच. तो कोटाच्या गुंडीशी चाळा करत मुकाट उभा राहिला. शेवटी पदक फादरांनीच लावलं, आणि धुरपदाबाई त्या टाळ्यांमधून बाहेर पडून सोनगीरच्या रस्त्याला लागली.

पुढे तो धुळ्याच्या कोर्टात कारकून झाला. लग्न झालं, त्याने तिथेच बिऱ्हाड केलं. सणावाराला यायचा, ती जेवू घालायची. पण नऊ वर्षांत तिने त्याला एकदाही नावाने हाक मारली नाही. चिंतामण म्हणायचं नव्हतं, आणि चिंधा त्याला नको होता.

त्याला पहिला मुलगा झाला, प्रभाकर. तीन महिन्यांत गेला. दुसरा मनोहर, तो पाचव्या महिन्यात गेला. दोन्ही वेळा धुरपदाबाई धुळ्याला जाऊन सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली, त्याच्याशी मात्र बोलली नाही. तिसरा झाला तेव्हा तो बायको आणि बारा दिवसांचं बाळ घेऊन मोटारीने सोनगीरला आला. त्याने बाळ आईच्या मांडीवर ठेवलं.

"माय, याले जगाड," तो म्हणाला.

तिने बाळाच्या अंगावरचं नवंकोरं झबलं काढून सुनेच्या हातात दिलं. मग लेकाकडे बघितलं.

"पाच घरे फिरी ये. चिंध्या मांगी लई ये."

कोर्टाचा कारकून, अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, भर दुपारी पाच दारांत उभा राहिला आणि प्रत्येक दारात तो शब्द त्याला स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागला. बायांनी काही विचारलं नाही, दिल्या. तो परत आला, चिंध्या तिच्यापुढे ठेवून जमिनीवर बसला. तिने त्या झटकल्या, एकीला एक जोडून टाके घालायला घेतले. दुपटं झालं. तिने बाळ त्यात गुंडाळलं.

"आते नाव सांग, माय," तो म्हणाला.

नऊ वर्षांचा राग तसाच होता, तसूभरही कमी झाला नव्हता.

"चिंधा ठेव," ती म्हणाली. "ते नाव रिकामंच पडेल शे. कोनी वापरत नही."