हलक्या कानाचं चित्र

नवीन माणूस स्टाफरूममध्ये आला की सर अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचे आणि एक डोळा मिटून त्यातून त्याच्याकडे पाहायचे. "आधी नाक पाह्यतो," म्हणायचे, "मंग माणूस." समोरचा नकळत स्वतःच्या नाकावरून हात फिरवायचा. सरांना तेवढंच हवं असायचं.

चिखलीच्या आमच्या कॉलेजात ते इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. मूळचे बीबी गावचे, घरी वांग्या-टमाट्यांची शेती. पीएचडी मात्र केली दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायती चित्रांच्या पुस्तकांवर. राजापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांची टर उडवणारी ती पुस्तकं. नाकं गाजराएवढी, पोटं दारात अडकलेली. "सर इंग्रजांच्या नाकांतले डॉक्टर आहेत," असं आम्ही म्हणायचो. त्यांना राग यायचा नाही.

त्या पुस्तकांतल्या शब्दांच्या कोट्यांवर त्यांचा फार जीव. वाक्यात शब्दाचा एक अर्थ, चित्रात दुसराच. कोर्टातली केसही केस आणि पेटीही केस. म्हणून चित्रातला वकील केस समजून घ्यायला पेटीत डोकं खुपसून बसलेला. हे ते फळ्यावर काढून दाखवत आणि पुढे पदरची भर घालत. "आपल्याकडं तिसराच केस हाय. वकिलाची केस गेली अन् पक्षकाराचे केस गेले!" मग वकिलाशेजारी एक टकला पक्षकार उभा राहायचा. माझ्या तासाला कधी एवढं हसू आलं नाही.

एका वर्षी स्नेहसंमेलनात त्यांनी प्रदर्शन मांडलं. मराठी वाक्प्रचार घ्यायचे, त्यांचा शब्दशः अर्थ घ्यायचा आणि कॉलेजातलं एकेक माणूस त्यात बसवायचं. प्राचार्य नाकानं कांदे सोलत होते. मी तराजू घेऊन शब्द तोलत होते. संस्थेच्या अध्यक्षांच्या पाठीला खुर्ची चिकटलेली, ते झोपले तरी सुटत नव्हती. अध्यक्ष ते पाहून पोट धरून हसले आणि चित्र बंगल्यावर लावायला घेऊन गेले. सरांचा चेहरा पडला. "ज्याले टोचावं त्यानंच फ्रेम केली, मॅडम. वाया गेलं चित्र."

ऑफिसातल्या ताईंचंही चित्र होतं. ताई म्हणजे फी आणि दाखल्यांच्या खिडकीवरच्या क्लार्क. चित्रात त्यांचे कान फुग्यांसारखे फुगले होते आणि ताई खुर्चीतून अलगद वर तरंगत होत्या. खाली ओळ: 'हलक्या कानाच्या ताई'. सगळ्यात जास्त गर्दी याच चित्रापुढे. पोरांनी मोबाइलवर फोटो काढले. ताईही हसल्या.

परीक्षा जवळ आल्या तेव्हा एका दुपारी त्या स्टाफरूमच्या दारात आल्या. कधी यायच्या नाहीत.

"सर, आजकाल पोरी माह्या खिडकीशी थांबत नाहीत."

"काऊन?" सर अजून हसतच होते.

"हलक्या कानाच्या बाईजवळ मनातलं कोण बोलंल? उद्या कोणी उलटं सांगितलं त तेही खरं मानंल, म्हणतात."

तुम्ही अशी एखादी खिडकी पाहिली असेल. दाखला घ्यायच्या निमित्तानं मुली तिथं थांबत, कुणाच्या घरचं काही बिनसलेलं असलं तर ताईंच्या कानावर घालत. ताई कुणाच्या सांगण्यावर गेल्याचं किंवा तिथून शब्द बाहेर पडल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"अंतिम वर्षाची ते बाहेरगावची पोरगी," ताई म्हणाल्या, "लग्न जुळवून बापानं पेपरच्या तोंडावर घरी नेली. एरवी तिनं पह्यले मलेच सांगितलं असतं. मी बोलली असती त्याच्याशी."

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "शब्द चांगला जमला होता, ताई. त्यात बसवाले माणूस पाह्यजे होता. तुमी खिडकीत दिसल्या."

"पण मी हाय का तशी?"

"नाई."

दुसऱ्या दिवशी ते आम्हा दोघींना घेऊन जीपनं त्या मुलीच्या गावी गेले. तिचे वडील ओसरीवर सोयाबीनची पोती शिवत बसले होते. सर आता काहीतरी कोटी करून वातावरण हलकं करतील, अशी माझी खात्री होती.

"तुमी कोण?" वडिलांनी विचारलं.

"मास्तर. माह्या चुकीनं तुमची पोरगी ह्या ताईशी बोलू शकली नाही. आता ताईले बोलू द्या."

ताईंना पुढे करून ते मागे सरले. बोलल्या त्या ताईच. "पेपर संपेपर्यंत पोरगी माह्या घरी राहील, जेवणाखाण्याची काळजी नको, रोज फोन करीन."

"लग्नाची तारीख हालणार नाही," वडील म्हणाले.

"नका हालवू. पेपर तेवढे होऊ द्या."

दाराआड मुलगी उभी होती. वडिलांनी सुईतला दोरा तोडला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पिशवी भर."

लग्न टळलं नाही. परीक्षा मात्र तिनं ताईंच्या घरी राहून दिली. त्या दिवशी गावाहून परत येताना जीपमध्ये सर मला एवढंच म्हणाले, "फळ्यावरचं पुसता येते, मॅडम. पोरायच्या मोबाइलमधलं कसं पुसू?" ताईंच्या खिडकीशी पोरी पुन्हा थांबू लागल्या, पण त्याला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

सरांनी चित्रं सोडली नाहीत. फक्त त्यानंतर प्रत्येक चित्रात माणूस एकच, ते स्वतः. अकलेचे तारे तोडणारे सर, शेंडीला गाठ मारून बसलेले सर, पालथ्या घड्यावर पाणी ओतणारे सर. मुलं तितकीच हसायची.

निवृत्तीनंतर ते बीबीला गेले आणि तिथंच, हृदयविकारानं, अचानक. ताई आणि मी सरांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेलो तेव्हा त्यांनी आम्हाला वावरात नेलं. वांग्यांच्या मधोमध बुजगावणं उभं होतं. सरांचा चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन, पोटात भरपूर कडबा, मडक्यावर कोळशानं काढलेला चष्मा.

"त्यायनंच केलं, सोताचंच," वहिनी म्हणाल्या.

"पाखरं भेतात का?" ताईंनी विचारलं.

"कुठी भेतात!"

तेवढ्यात एक साळुंकी आली आणि त्याच्या खांद्यावर बसली. वहिनींनी तिला हाकललं नाही.