रडारपेक्षा माझा आकडा खरा?

मंगळवारी दुपारी सरांनी रडार खोटं आणि मला खरं धरलं, आणि तिथंच माझं सगळं पालटलं…

कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. आता गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावात पर्जन्यमापक बघतो. सकाळी साडेआठला भांड्यातलं पाणी मोजायचं, आकडा कोल्हापूरच्या हवामान ऑफिसात सरांना पाठवायचा आणि भांडं ओतून टाकायचं.

पण साडेआठलाच 'ती' कागल एमआयडीसीत कंपनीच्या बसमधून उतरते… पहाटे गाडी काढली तेव्हा गाव कोरडं होतं. कागलात नुसती भुरभुर. गेटसमोर उभ्या-उभ्याच मोबाईलवर ठोकून दिलं, चार मिलिमीटर!

दुपारी सरांनी ऑफिसला बोलावलं. रडारच्या स्क्रीनवर आमचं गाव लालभडक… मी निघाल्यावर तिथं ढग फुटल्यासारखा पाऊस झालेला. सर तोंड उघडायच्या आधीच मी तापलो.

"संशय हाय काय माझ्यावर? नको असंल तर काढून टाका की!"

"अरं लेका, गप की जरा!" सर हसले. "रडार लांबनं बघतंय, चुकू शकतंय. तू हातानं मोजलायस. तुझा आकडा धरून रडारचं तिकडचं माप खाली आणतोय."

म्हणजे पुढच्या वेळी खरंच धो धो आला, तरी ओढ्याकाठच्या वस्तीला इशारा कमीचाच जाणार… घरी, कॉलेजात माझ्या शब्दाला कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. आणि हा माणूस त्यावर एवढं मशीन खोटं पाडायला निघालेला.

"सर… मी मोजलंच न्हाय. कागलला गेलतो."

"कागलात काय?"

मी गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिलो.

"पोरगी व्हय?"

मान खाली घातली. आता नोकरी गेली, हे पक्कं. सर सकाळची रडारची चित्रं एकेक मागं नेत बसले.

"आठनंतर तुमच्याकडं थेंब न्हाय," शेवटी म्हणाले. "भांडं ओतलंस?"

"न्हाय."

"मग सकाळचा पाऊस हाय की अजून तिथंच! जा, मोज. उशिरा मोजलं म्हणून खरं लिही. तोवर मी रडारच्या मापाला हात लावत न्हाय."

थँक्यू म्हणायला तोंडच उघडलं नाही, म्हणून इथं लिहितोय… कुणी विश्वास ठेवला की माणूस असा भानावर येतो, हे मला माहीतच नव्हतं.

बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं… बहुतेक पहिल्यांदाच, न आपटता.