पहिलं सुकेळं जुईचं

रविवारी आमच्या वाडीत या हंगामातली पहिली सुकेळी तयार झाली. राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, संध्याकाळी घरात घ्यायची, सकाळी परत उन्हात... मधासारखा रंग चढला की झालं सुकेळं. वसईत हा उद्योग करणारी थोडीच घरं उरलीत, त्यातली एक हट्टी म्हातारी मी.

हे मी बोलतेय आणि सून सुजाता फोनवर लिहितेय. मला अक्षर येत नाही, पण कान शाबूत आहेत, म्हणून लिहून झालं की परत वाचून घेते. तिने मध्येच माझं कौतुक घुसडलं असेल तर राहू देते.

आमच्या घरात रीत आहे. हंगामातलं पहिलं सुकेळं घरच्या लेकीच्या हातात द्यायचं. तिने चाखल्याशिवाय बाकी कोणी हात लावायचा नाही. सध्या घरची लेक म्हणजे माझी नात जुई, वय वर्षं दहा.

जुईचं पोट ती पहिलीत असल्यापासून दुखतं. वरच्या बाजूला सुरू होतं, थेट पाठीत घुसतं. मग ती गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसून राहते... आम्ही जंताचं औषध दिलं, दृष्ट काढली, शाळा चुकवायचं नाटक म्हणूनही पाहिलं. शेवटी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कळलं की स्वादुपिंडाला सूज आहे, आणि ती कायमची आहे. क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस. हे नाव सुजाताच घेते, मी घ्यायला गेले तर कवळी निसटते.

डॉक्टर म्हणाले, जन्मतःच रक्तातून आलंय, कोणाचा दोष नाही. अन्न पचवणारा रस कमी पडतो म्हणून जेवताना घासाबरोबर कॅप्सूल, आणि तळलेलं बंद.

एका लग्नात एक बाई मला म्हणाली, "अहो काकू, हा तर दारू पिणाऱ्यांचा आजार ना?" मी म्हटलं, "हो ना, आमची पोरगी शाळेतून येताना रोज दोन पेग मारूनच येते." सगळे हसले. जुई माझ्या शेजारीच उभी होती... ती नाही हसली.

गेले काही महिने तिने जेवणच सोडल्यासारखं केलं होतं. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. त्या दिवसापासून माझा मुलगा विलास वालीवच्या कारखान्यातल्या कामावरून आला की चप्पल काढायच्या आधी विचारायचा, "जेवली का?"

सुकेळ्याला तेल नाही, तूप नाही. सुजाताने फोन करून डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले चालेल, थोडं द्या, कॅप्सूल विसरू नका. मला वाटलं, झालं काम! पण जुईने सुकेळं हातात घेतलं, वास घेतला आणि परत ठेवलं. "नको, आजी."

मग काय, टोपली तशीच. विलास दोनदा टोपलीपाशी घुटमळून गेला. नायगावची माझी भाची खास सुकेळ्यांसाठी आली होती, ती नुसता चहा पिऊन गेली. "मावशी, एक तरी दे गं." मी म्हटलं, "लेकीने चाखलं नाही अजून. तुला घाई असेल तर तुमच्या टॉवरच्या गच्चीवर वाळव तुझी तू."

दुपारी मी केळीच्या सुक्या पानांत सुकेळी बांधत बसले होते. जुई येऊन शेजारी बसली. एक पान उचलून माझ्यासारखं दुमडत म्हणाली, "आजी, मी हे खाल्लं आणि मला दुखलं तर?"

मी म्हटलं, "तर दुखेल. मी आहे ना."

"तसं नाही... मला दुखलं की तुम्ही ते घरात बंद करता. वडे बंद केले. चिकन-पोह्यांचं भुजिंग बंद केलं. पप्पांना किती आवडायचं. मग सुकेळी पण बंद होतील. मग तू काय करशील?"

माझ्या हातातलं पान तसंच राहिलं. पोर उपाशी राहत होती ती आमचं ताट भरलेलं राहावं म्हणून...

मी ते पान खाली ठेवून म्हटलं, "जुई, दुखलं तर आपण दुखण्याला शिव्या घालू. मला येतात भरपूर, तुझ्या आईला माहीत आहेत. पण सुकेळी बंद होणार नाहीत." तिने विचारलं, "शप्पथ?" मी गळ्याला हात लावला. ती आत गेली, कॅप्सूल आणि पाणी घेऊन आली, आणि अर्धं सुकेळं खाल्लं. अगदी सावकाश, माझ्या तोंडाकडे बघत.

त्या रात्री दुखलं नाही. बुधवारी दुखलं, साध्या वरणभातावर. दवाखान्यात सलाईन लागलं. विलासने सवयीने विचारलं, "काय खाल्लं होतं हिने?" मी त्याला बाहेर नेलं. म्हटलं, "डॉक्टरांना सगळं सांग. पण हा प्रश्न तिच्यासमोर परत विचारायचा नाही." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मोठा झालाय, पण रडायचं कसं ते अजून येत नाही त्याला.

काल घरी आलो. वजन अजून वाढलेलं नाही, नळीचं काय ते पुढच्या तपासणीत ठरेल. पण आज सकाळी तिने स्वतःहून पेज मागितली, आणि वाटी संपेपर्यंत कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

तुमच्या घरात असं दुखणारं पोर असेल आणि ते जेवत नसेल, तर ओरडायच्या आधी त्याला विचारा, कशाची भीती वाटते. आम्ही इतके दिवस समजत होतो की जुई दुखण्याला भिते. ती आम्हाला जपत होती... देवा, एवढ्याशा जिवावर एवढं ओझं आम्ही कधी ठेवलं, आम्हालाच कळलं नाही. तिने बोलून दाखवलं, हे तिचे उपकार.