पुढच्या रेषेवर सुलभाताई

बरखेड्याच्या आमच्या क्लबात सुलभा डांगरे यांचा बॅडमिंटनचा स्मॅश ज्यांनी पाहिलाय, ते अजून त्याबद्दल बोलतात. नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात, संध्याकाळी कोर्टवर; आणि दोन्हीकडे लौकिक एकच, बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी उड्या बंद केल्या, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता या खचणार. ताईंनी रॅकेट माळ्यावर टाकली आणि पिकलबॉलचं फळीसारखं पॅडल विकत आणलं. कोर्ट बॅडमिंटनएवढंच, पण नेट बुटकं आणि बॉल भोकाभोकांचा प्लास्टिकचा; उड्या मारायची गरज नाही.

जोडीदार म्हणून त्यांनी नवऱ्यालाच उभं केलं. हेमंतराव वल्लभ भवनातून, म्हणजे इथल्या मंत्रालयातून, निवृत्त झालेले, मूळचे नागपूरचे. आयुष्यात कॅरमपलीकडे काही खेळले नव्हते.

"तुम्ही नुसते पुढे उभे राहा, बाकी मी बघते," ताई म्हणाल्या.

आणि त्यांनी बघितलंही. कोर्टच्या मागच्या टोकाला उभं राहायचं आणि येईल तो बॉल दणकून हाणायचा. क्लबातले बरेच जण त्या माऱ्यापुढे टिकले नाहीत. मग एका रविवारी नेहरू नगरहून विक्रांत आणि केतकी ही भावंडं खेळायला आली. ती दोघं हाणतच नव्हती. बॉल नेटवरून अलगद, ताईंच्या बाजूच्या पुढच्या पट्ट्यात सोडायची. त्या पट्ट्याला म्हणतात किचन. तिथे उभं राहून बॉल हवेतल्या हवेत मारता येत नाही, टप्पा पडू द्यावा लागतो. आणि टप्पा पडून जेमतेम गुडघ्यापर्यंत आलेल्या बॉलवर स्मॅश कसला मारणार? ताई मागून धावत यायच्या, वाकून कसाबसा बॉल उचलायच्या, आणि केतकी तो उंच आलेला बॉल शांतपणे खाली दाबायची. ताई-हेमंतराव सपाटून हरले.

"मी पुढे एकटाच होतो. मधली जागा सगळी मोकळी," परतताना हेमंतराव म्हणाले.

"मग घ्यायचे होते ना तुम्ही बॉल!"

"घेतले असते. पण तू अशी धावत यायचीस, मला वाटायचं आता धडकतेस."

ताई हसल्या नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी बाकावर मोबाइल उभा करून खेळ रेकॉर्ड केला आणि घरी सोफ्यावर बसून पुन्हा पुन्हा थांबवत पाहिला. समोरच्याचं पॅडल बॉलला लागतं त्या क्षणी ताई प्रत्येक वेळी धावतच होत्या. शरीर एकीकडे, बॉल दुसरीकडे. हेमंतराव मात्र गुडघे जरासे वाकवून, पॅडल छातीसमोर धरून स्थिर उभे.

"अहो, तुम्ही तर अगदी बरोबर उभे आहात!"

"मला पळता येत नाही ना, म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी स्वतःला शिकवायला घेतलं. बॉल परतवला की पुढे यायचं, पण समोरचा मारायच्या बेतात दिसला की असाल तिथे थांबायचं, पाय रुंद, भार चवड्यांवर. किचनच्या रेषेशी पोचलं की मागे सरकायचं नाही. बाजूला जायचं ते छोट्या पावलांनी, पायात पाय न अडकवता. आधी पाय पोचवायचे, मग हात. घरात नियम झाला: सरावात जो जोरात मारेल, त्याने संध्याकाळचा चहा करायचा. बरेच दिवस चहा ताईंच्याच हातचा होता. हात आपोआप वर जायचा, आणि हेमंतराव नुसतं म्हणायचे, "आलं टाक थोडं."

दोघांमध्ये खिंडार पडायचं, त्यावर ताईंनी वेगळाच उपाय काढला. एक जुनी ओढणी घेऊन तिचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं, दुसरं नवऱ्याच्या. एक डावीकडे सरकला की दुसऱ्यालाही सरकावंच लागे.

"डांगरे साहब, भाभीजी को डर है क्या, भाग जाओगे?" शेजारच्या कोर्टवरून कुणीतरी ओरडलं.

"भागना ही तो बंद कराया है," ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि पुढचा बॉल अलगद पलीकडे सोडला.

दिवाळीनंतरच्या क्लब-स्पर्धेत उपांत्य फेरीत गाठ पडली ती नेमकी विक्रांत-केतकीशी. या वेळी चौघेही रेषेवर. अलगद इकडून, अलगद तिकडून. विक्रांतने ताईंना मागे रेटायला एक बॉल थेट अंगावर मारला. ताईंचे पाय रोवलेले होते. त्यांनी पॅडल नुसतं आडवं धरलं आणि बॉल पलीकडच्या किचनमध्ये जाऊन पडला. शेवटच्या गुणाला केतकीचा बॉल जरा उंच, बरोबर मधे आला. आधीच्या ताईंनी झडपच घातली असती.

"तुमचा!" त्या ओरडल्या.

हेमंतरावांनी तो भावंडांच्या मधून सरळ खाली दाबला. क्षणभर त्यांना स्वतःलाच पटेना. मग त्यांनी पॅडल डोक्यावर धरून कोर्टवर अशी एक गिरकी घेतली की ताईंना हसू आवरेना.

अंतिम सामना ते हरले. हेमंतरावांच्या पोटरीत गोळा आला, आणि समोरची जोडीही तयारीची होती. ताईंनी जिंकणाऱ्यांशी हात मिळवला आणि तिथल्या तिथे विचारलं, "पुन्हा कधी खेळताय?"

आता रविवारी सकाळी क्लबातल्या चार-पाच जणी ताईंकडे शिकायला येतात. पॅडल बाकावर ठेवायला लावून ताई त्यांना आधी नुसतं रेषेवरून सरकायला लावतात.

"मारायचं कधी, दीदी?" कुणीतरी विचारतंच.

"पाय पोचले की," ताई म्हणतात.