दिग्दर्शक कामिनी, मुक्काम हुडकेश्वर

कामिनीला सिनेमा मी शिकवला, असं मी गांधीबागेत भेटेल त्याला सांगत असतो. ते खरं नाही. पण आता तिच्या दुसऱ्या सिनेमाचं काम सुरू झालंय, लोक मलाच येऊन विचारतात, आणि फुशारकी मारल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून खरं काय ते एकदा लिहून टाकतो.

गांधीबागेत माझा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. बारा वर्षांपूर्वी रुपराव आपल्या मुलीला घेऊन आला. लकडगंजच्या आरामशीनवर लाकडं कापता कापता त्याचे कान गेलेले, त्यामुळे साधं बोलणंही ओरडूनच. "भाऊ, पोरगी बारावी झाली. कॉम्प्युटर येते तिले. तुमच्या इथी काही काम असन तं पाहा!" दुकानातली गिऱ्हाइकं दचकली. मी कामिनीला एडिटिंगला बसवलं.

दोन महिन्यांनी एका लग्नात दुसरा कॅमेरा तिच्या हाती दिला. अक्षता पडत होत्या, माझा कॅमेरा नवरा-नवरीवर, आणि ही बाई कॅमेरा लावून बसली नवरीच्या मोठ्या बहिणीवर. ती बहीण पाहुण्यांना पाणी देता देता थांबली होती आणि ट्रे हातात धरून रडत होती. मी रात्रीचं जेवण होईपर्यंतही थांबलो नाही, तिथेच भडकलो. "काहून वं, लग्न कोणाचं आहे?"

"घर तं तिचंबी खाली होऊन राहिलं ना, काकाजी," कामिनी म्हणाली.

नवरीच्या वडिलांनी नंतर तेवढाच तुकडा वेगळा करून मागितला. माझ्या कॅमेऱ्यातलं काही मागितलं नाही. तरीही मी तिला म्हणालो, नशीब तुझं.

नशीब कसलं! लग्नात रिटेक नसतो, भटजी मंगलाष्टकं पुन्हा म्हणत नाहीत. कोण कधी रडणार, कोण कधी रुसणार, हे आधीच ओळखून कॅमेरा लावावा लागतो. तिला ते ओळखता यायचं. सुट्टीच्या दिवशी ती हुडकेश्वरच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन लहान लहान फिल्म करायची. त्यातल्या दोन तर महोत्सवांतही दाखवल्या गेल्या. मी एकही धड पाहिली नव्हती.

मग मुंबईचं एक युनिट रामटेकजवळ शूटिंगला आलं आणि तिला तिथे सहायकाचं काम मिळालं. सूर्य मावळतानाचा प्रसंग होता. वॉकीटॉकीवर मुख्य सहायकाने विचारलं, "हिरो आले का?" कामिनी म्हणाली, "येऊन राहिले." आपल्याकडे याचा अर्थ वाटेत आहेत. त्या मुंबईच्या माणसाने ऐकलं की येऊन थांबलेत. त्याने कॅमेरा लावला, शंभर माणसं उभी केली आणि सगळे वाट बघत बसले. हिरो पोचले तोवर सूर्य बुडाला होता. सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला, "आधी मराठी शीक, मग सिनेमा." आणि घरी पाठवून दिलं.

ती सरळ माझ्या स्टुडिओत आली. मी तिची बाजू घ्यायला हवी होती. मी काय म्हणालो? "त्याचं बरोबर आहे. पुण्याची भाषा शिकून घे." हे लिहितानाही माझी मलाच लाज वाटते. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवसापासून तिने स्वतःची गोष्ट लिहायला घेतली, आई आणि तिच्या मुलाची, आणि ती पुरी करायला तीन वर्षं लावली.

पैसा घातला माझ्या समोरच्या कापडवाल्याने, गिरिधर बारापात्रेने. अट एकच, सिनेमा शुद्ध मराठीत पाहिजे. "आपलं बोलणं ऐकून लोक हासतात वं. जोकरच्या तोंडी असते आपली भाषा," तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. कामिनीने नाइलाजाने मान डोलावली.

आईच्या कामाला तिने बायजाबाईंना घेतलं. हुडकेश्वरच्या एका खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या या बाई. तीन दिवस शूटिंग झालं आणि तिन्ही दिवस बायजाबाई परीक्षेला बसल्यासारख्या बोलल्या. गिरिधर वैतागला. पुण्याहून दुसरा दिग्दर्शक बोलावतो म्हणाला.

"उद्या एक टेक माह्या मनासारखा घेऊ द्या," कामिनी म्हणाली. "नाही पटला तं मी सोताच निघून जातो."

तीन वर्षांची मेहनत तिने एका टेकवर लावली. दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून सेटवर गेलो.

प्रसंग साधा होता. दुकान सांभाळणारा मुलगा उशिरा घरी येतो, आई रागावते. कामिनीने बायजाबाईंच्या हातातला कागद काढून घेतला. "मावशी, तुमचा पोरगा उशिरा आला तं तुमी काय करता?"

"चांगली झाडतो त्याले."

"मंग झाडा."

मुलाचं काम करणारा साहिल दारातून आत आला. बायजाबाई उठल्या. "काहून बे, कुठी मेला होता इतक्या वेळ? ताट वाढून बसली ना मी! दुकानच तुही माय आहे का?"

"आलो ना वं माय!"

हे साहिल बोलला नव्हता. मॉनिटरमागून गिरिधर बोलला होता. सगळं युनिट हसलं. तो तोंडावर हात ठेवून उभा राहिला. त्याची आई जाऊन सात वर्षं झाली होती. रात्री दुकान वाढवून तो घरी उशिरा पोचला, की त्या माउलीचा आवाज आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत यायचा.

कामिनी हसली नाही. "कट," ती म्हणाली. "भाऊ, टेक चालू असताना सेटवर आवाज नाही पाहिजे. बाहेर उभे राहा."

पैसे घालणाऱ्या माणसाला! मला वाटलं, संपलं. पण पन्नाशीचा गिरिधर रुमालाने डोळे पुसत खरंच बाहेर गेला. दारातून एवढंच म्हणाला, "असाच घे, पोरी. पुरा पिक्चर असाच घे."

ती लगेच कामाला लागली. "मावशी, आणखी एकदा. साहिल, दारापासून. सगळे चूप."

सगळे चूप झाले. मला हुंदका आवरेना. तिचा टेक बिघडवायची माझी काय टाप! मीही मुकाट्याने बाहेर जाऊन गिरिधरशेजारी उभा राहिलो.