टिटवीच्या अंड्यांपुढे बसलेली नसीम

नसीमच्या मुलाचा, इम्रानचा, फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, अम्मी गेली... झोपेतच," एवढंच तो बोलू शकला. वारज्याच्या एकाच शाळेत आम्ही दोघींनी नोकरी केली. मी मराठी शिकवायचे, ती खेळ.

निवृत्तीनंतर तिला पक्ष्यांचं वेड लागलं. उन्हाळ्याच्या तोंडावर पानशेतच्या बाजूला धरणाचं पाणी ओसरतं, काठचा खडकाळ उतार उघडा पडतो आणि टिटव्या तिथे चक्क उघड्यावर अंडी घालतात. पहिल्यांदा तिने बोट दाखवलं तेव्हा मला नुसते खडेच दिसले... मग त्यातले काही खडे ठिपक्यांचे निघाले!

एका रविवारी चार-पाच तरुण जीप घेऊन थेट पाण्याकडे निघाले. नसीम उठली आणि चाकांच्या वाटेत, अंड्यांच्या अलीकडे, मांडी ठोकून बसली. हॉर्न वाजला, पण ती ढिम्म.

"अहो काकू, बाजूला व्हा ना! नुसते दगड तर आहेत तिथे."

"दगडांची राखण करायला मी एवढ्या उन्हात बसेन, असं वाटतं तुम्हाला?"

पोरं ओशाळून खाली उतरली. तिने त्यांना अंडी दाखवली. टिटवी डोक्यावर कर्कश ओरडत घिरट्या घालत होती. "ती काय म्हणतेय, ते सांगायला नको," नसीम म्हणाली. जीप मागे फिरली. अशा बाईची मैत्रीण म्हणवून घेताना माझी मान आजही ताठ होते.

पुढे दर उन्हाळ्यात ती तिथे जाऊन बसू लागली. येणाऱ्या-जाणाऱ्याला, वरच्या रस्त्यावर चहाची टपरी चालवणाऱ्या मंदाबाईंनाही, तिने अंडी दाखवली. गुडघे दुखायला लागले तरी जायची. "अगं, पुरे आता," मी म्हणायचे. "टिटवीला सांग, मग मी बसते घरी," हे तिचं उत्तर.

ती माघात गेली. चैत्र सरता सरता इम्रान मला तिथे घेऊन गेला. तिच्यामागे काठ तुडवला गेला असणार, अशी मनाची तयारी करूनच मी उतरले... पण कापसाच्या गोळ्यांना काड्यांचे पाय फुटावेत, तशी टिटवीची पिल्लं काठाने तुरुतुरु पळत होती. तेवढ्यात एक मोटार उतारावर वळली. मी हात वर करणार, तोच टपरीवरून मंदाबाईंचा खणखणीत आवाज आला, "ओ, गाडी वरच लावा! खाली आमच्या बाईंची पोरं हायत!"

गाडी थांबली. इम्रानने डोळे पुसले आणि तो हसला. "मावशी," तो म्हणाला, "एवढी भावंडं आहेत मला, हे माहीतच नव्हतं."